गाडीही धड, डोकंही धड



शाळांना सुट्ट्या लागल्या की आपल्या मंडळातल्या निदान चार-पाच घरांत एकच चर्चा सुरू होते. कुणाला कॅलिफोर्नियात नवी नोकरी लागलेली असते, कुणाच्या मुलीला तिकडच्या युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळालेला असतो, कुणाचे आई-बाबा पहिल्यांदाच अमेरिकेत आलेले असतात आणि "एवढे आलेच आहेत तर देश दाखवून आणू" असा बेत शिजत असतो. विमानाच्या तिकिटांची बेरीज झाली की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "त्यापेक्षा आपली गाडी काढू की! तेवढंच बघणं होईल." जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला जातो आणि मग आम्हाला फोन येतो. आम्ही उभयतांनी हा देश तीनदा आडवा पार केला आहे. एकदा दोन लहान मुलांना घेऊन, एकदा आई-बाबांना घेऊन आणि एकदा दोघंच. तेव्हा फोनवर जे तुकड्या-तुकड्यांनी सांगतो ते ह्या अंकात सलग लिहून काढावं म्हटलं.

आधी थोडा इतिहास. १९०३ साली होरेशिओ नेल्सन जॅक्सन नावाच्या डॉक्टरांनी ५० डॉलरची पैज लावून सॅन फ्रान्सिस्कोहून मोटार काढली, ती न्यूयॉर्कला पोचायला ६३ दिवस लागले. १९०९ साली ॲलिस रॅमझी ह्या अवघ्या २२ वर्षांच्या बाईंनी न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्को ५९ दिवसांत गाठलं. बरोबर आणखी तिघी जणी होत्या, पण गाडी चालवता येत होती ती फक्त बाईंनाच! १९१९ मध्ये सैन्याचा मोटारींचा ताफा वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोला निघाला, त्याला ६२ दिवस लागले. त्या ताफ्यात आयसेनहॉवर नावाचे एक तरुण अधिकारी चिखलात धक्के खात होते. पुढे तेच राष्ट्राध्यक्ष झाले आणि १९५६ साली त्यांच्या सहीने इंटरस्टेट रस्त्यांचा कायदा झाला. आज आपल्या न्यू जर्सीतल्या टीनेकजवळ इंटरस्टेट ८० ला लागलं की ११ राज्यं ओलांडून थेट सॅन फ्रान्सिस्को. सुमारे २,९०० मैल. मुंबईहून नागपूरला तीनदा जावं आणि तीनदा परत यावं, साधारण तेवढं अंतर.

रॅमझीबाईंना धोका होता तो खड्ड्यांचा, चिखलाचा, पुराचा. आपल्याला रस्ता गुळगुळीत, सरळ आणि दिवसभर एकसारखा मिळतो, आणि आपला धोका नेमका त्यातच आहे. पायाखाली पेडल, समोर क्षितिज, मागे मुलं पेंगलेली. अशा वेळी सारथ्याच्या पापण्या कधी मिटतात ते त्याचं त्यालाही कळत नाही. ताशी ७० मैल वेगाने गाडी सेकंदाला १०० फुटांहून थोडी जास्तच जाते. चार सेकंद डुलकी लागली तर ४०० फूट गाडी आपली आपणच चाललेली असते. डुलकीचे ठरलेले दोन वेळ असतात. एक मध्यरात्रीपासून पहाटे सहापर्यंतचा आणि दुसरा दुपारी जेवणानंतरचा. खिडकी उघडणं, रेडिओ मोठा करणं, गालावर पाणी मारणं ह्यानं दहा मिनिटांपुरतं बरं वाटतं, झोप जात नाही. झोपेवर झोप हाच उपाय. कॉफीचा अंमल चढायला अर्धा तास लागतो. म्हणून रेस्ट एरियात गाडी लावा, कॉफी प्या, आणि लगेच वीस मिनिटं मान टाका. उठाल तेव्हा दोन्हीचा गुण एकदम येतो.

ज्यांचं पोट ह्या रस्त्यावर चालतं त्या ट्रकवाल्यांनाही कायदा सांगतो, की सलग दहा तास विश्रांती घेतल्याशिवाय गाडी हातात घ्यायची नाही, आणि घेतल्यावर ११ तासांहून जास्त हाकायची नाही. तेव्हा कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्या आपल्यासारख्यांनी कुटुंब घेऊन दिवसाला आठ तास किंवा ५०० मैल ह्याच्यावर जाऊ नये. म्हणजे सहा दिवस लागतात. "आम्ही चार दिवसांत मारलं" असं पार्टीत सांगणारे नेहमी भेटतात. त्यांचं कौतुक जरूर करावं, अनुकरण करू नये.

हे इतकं ठासून का सांगतो, त्यामागे कारण आहे. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाची हकीगत, नाव-गाव सांगत नाही. एका अधिवेशनाहून परत निघाले होते. तीन दिवस जागरणं, नाटकं, गप्पा. सोमवारी सकाळी ऑफिस गाठायचं म्हणून रविवारी रात्री जेवून गाडीत बसले. पहाटे साडेचारच्या सुमारास, घर दीडशे मैलांवर असताना, गाडी रस्ता सोडून गवतात उतरली आणि कलंडली. पुढचे दोघं आणि मुलं पट्ट्यात होती, त्यांचं खरचटण्यावर निभावलं. आजींचे पाय दुखत होते म्हणून त्या मागच्या सीटवर आडव्या झोपल्या होत्या, पट्ट्याशिवाय. आजी त्या सकाळी गेल्या. मुलाकडे त्या पहिल्यांदाच आल्या होत्या. वाटेत मोटेलं होती, सोमवारची रजाही शिल्लक होती. ते घर आजही सावरलेलं नाही. त्यानंतर अधिवेशनाच्या शेवटच्या रात्री कुणी "निघतो आता" म्हणालं की आम्ही त्यांना आमच्या खोलीतल्या जमिनीवर झोपायला लावतो. खुशाल रागवा म्हणावं.

ह्यावरून पट्ट्याचं. आपल्या आई-बाबांना मागच्या सीटवर पट्टा लावायची सवय नसते. "गुदमरल्यासारखं होतं", "पदर चुरगळतो", "इथे मागे कोण बघतंय?" ही तीन वाक्यं ठरलेली. त्यांना प्रेमानं पण ठामपणे सांगावं. खालचा पट्टा पोटावर नको, मांड्यांच्या वर कंबरेच्या हाडांवर हवा. वरचा पट्टा खांद्यावरून छातीच्या मधून, काखेखालून नाही. शाल पांघरायची ती पट्टा लावल्यावर, वरून. सून गरोदर असेल तर खालचा पट्टा पोटाच्या खाली. बारा वर्षांपर्यंतची मुलं मागेच, आपापल्या वयाच्या आणि उंचीच्या सीटमध्ये. आणि गाडी चालू असताना डबा काढण्यासाठी, रडणाऱ्या बाळाला घेण्यासाठी, कशासाठीही पट्टा सोडायचा नाही. गाडी थांबवावी, बाळाला घ्यावं, पुन्हा निघावं.

दोन-तीन कुटुंबं मिळून १५ जणांची मोठी व्हॅन भाड्यानं घ्यायची आपल्याकडे फार हौस. मजा येते, कबूल. पण ती व्हॅन जितकी भरावी तितकी उलटण्याची भीती वाढते, असा इशारा इथल्या सरकारच्या रस्ता-सुरक्षा खात्यानं अनेकदा दिलेला आहे. टपावर बॅगा बांधल्या तर आणखीच. आमचं मत विचाराल तर दोन लहान गाड्या घ्याव्यात. व्हॅनच घ्यायची तर टप मोकळा ठेवावा, माणसं पुढच्या रांगांत बसवावीत आणि हाकायला सरावाचा माणूस असावा.

निघण्याआधी गाडी मेकॅनिकला दाखवालच, पण टायर स्वतः बघा. हवा किती हवी तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. टायरवर छापलेला आकडा हा जास्तीत जास्त किती सोसेल त्याचा, तो भरायचा नाही. हवा सकाळी टायर गार असताना मोजावी. घडीच्या खाचेत एक सेंटचं नाणं लिंकनसाहेबांचं डोकं खाली करून घालावं. साहेबांचं पूर्ण डोकं दिसलं तर टायर बदलायची वेळ झाली. दारावरच्या त्याच पट्टीवर माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल तेही लिहिलेलं असतं. वरवंटा, कुकर आणि पुस्तकांची खोकी घेऊन बिऱ्हाड हलवणाऱ्यांनी ते अवश्य वाचावं.

आता रस्ता ओळखायची युक्ती. इंटरस्टेटचा आकडा सम असेल तर रस्ता पूर्व-पश्चिम, विषम असेल तर दक्षिण-उत्तर. कडेला दर मैलाला हिरवी पाटी असते. आकडे प्रत्येक राज्याच्या पश्चिम किंवा दक्षिण हद्दीपासून मोजतात. म्हणजे आपण पश्चिमेला जाताना ते उतरत जातात. नेब्रास्कात ४५५ पासून सुरुवात होते, आणि शून्य आलं की वायोमिंग! मुलांना हा खेळ लावून द्या. "अजून किती राहिलं?" हा प्रश्न तासाला वीस वेळा येतो, तो बंद होतो. खेळाचा दुसरा उपयोग जास्त मोलाचा. ९११ ला फोन करायची वेळ आलीच तर "आम्ही कुठेतरी नेब्रास्कात आहोत" ह्याचा त्यांना उपयोग नसतो. रस्त्याचा नंबर, दिशा आणि शेवटची पाटी, एवढं दहा वर्षांच्या मुलालाही सांगता आलं पाहिजे.

फोनवर नकाशा असतोच. पण वायोमिंग आणि नेव्हाडात मैलोन् मैल फोनला सिग्नल नसतो. नकाशा आधी फोनमध्ये उतरवून घ्या आणि एक कागदी ॲटलस सीटखाली ठेवा. आणि फोननं एखादी "जवळची वाट" सुचवली तर घाई करू नका. १८४६ साली डॉनर मंडळींचा बैलगाड्यांचा तांडा कॅलिफोर्नियाला निघाला होता. हेस्टिंग्ज नावाच्या गृहस्थानं सांगितलेली जवळची वाट त्यांनी धरली, ती युटातल्या खाऱ्या वाळवंटातून. त्यात इतके दिवस गेले की सिएरा नेव्हाडात पोचेपर्यंत बर्फ पडायला लागला. ८७ माणसांपैकी जवळजवळ निम्मी त्या हिवाळ्यात गेली. आज इंटरस्टेट ८० त्याच घाटातून जातो आणि त्याला नाव त्यांचंच आहे. आपण घाट अर्ध्या तासात चढतो म्हणून डोंगर बदललेला नाही. बर्फाच्या दिवसांत तिथे चाकांना साखळ्या लावायला सांगतात, रस्ता बंदही करतात.

हवेचं थोडं. लॅरमीच्या अलीकडे वायोमिंगमध्ये शर्मन समिट लागतं. ८,६४० फूट, हा इंटरस्टेट ८० वरचा सर्वांत उंच माथा. लॅरमीपासून रॉलिन्सपर्यंत वारा असा की मोठे ट्रक आडवे होतात. टपावरची पेटी तिथे जड जाते. वसंतात आणि शरदातही बर्फ येऊ शकतं. बऱ्याच राज्यांत ५११ वर रस्त्याची हालहवाल कळते, सकाळी निघताना ऐका. आयोवा-नेब्रास्कात उन्हाळ्याच्या सुरुवातीला वावटळी येतात. तेव्हा पुलाखाली गाडी लावून बसू नका, तिथे वारा उलट जोर धरतो. पक्की इमारत गाठा. उतारावर सतत ब्रेक दाबू नये, गियर खालचा घ्यावा.

गॅसची टाकी अर्धी झाली की भरायची, हा पश्चिमेतला नियम. इंटरस्टेट ७० वरून जाणाऱ्यांना युटात ग्रीन रिव्हर ते सलायना हा १०० मैलांहून लांब पट्टा लागतो, त्यात एकही पंप नाही. आणि आमच्या न्यू जर्सीकरांसाठी एक विशेष सूचना. आपल्या राज्यात स्वतः गॅस भरायला बंदी असल्यामुळे कित्येकांनी आयुष्यात नळी हातात धरलेली नाही. पेनसिल्व्हानियात शिरल्यावर गाडीत बसून वाट बघू नका, कुणी येत नाही!

पोलिसानं थांबवलं तर आपल्याकडच्या सवयीनं खाली उतरून "नमस्कार साहेब" करायला जाऊ नका. इथे ते भलतंच समजतात. गाडी उजव्या कडेला घ्या, आतला दिवा लावा, काच खाली करा, दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवा आणि विचारेपर्यंत कागद शोधू नका. मागच्या बाबांनीही एकदम पिशवीत हात घालू नये. कडेला पोलिसाची, ॲम्ब्युलन्सची किंवा टो करणारी गाडी दिवे लावून उभी असेल तर एक लेन सोडून जायचं, नाहीतर वेग कमी करायचा. हा कायदा पन्नासही राज्यांत आहे. आणि जे अजून नागरिक झालेले नाहीत अशा १८ वर्षांवरच्या प्रत्येकानं आपलं ग्रीन कार्ड किंवा आय-९४ वगैरे कागद जवळ बाळगायचे, असं कायदा सांगतो. दक्षिणेच्या रस्त्यानं जाणाऱ्यांना तर टेक्सासात सिएरा ब्लांकाजवळ, हद्द न ओलांडताही, तपासणी नाका लागतो. कागद बॅगेच्या तळाशी नकोत, हाताशी हवेत.

आई-बाबा बरोबर असतील तर चार गोष्टी. वाटेत बाथरूमची पंचाईत नको म्हणून ते पाणी पीत नाहीत. त्यांना सांगा, दर दोन तासांनी थांबणार आहोत, खुशाल प्या. थांबलं की पाच मिनिटं चालवा, तासन् तास पाय लोंबते ठेवले तर रक्ताच्या गाठी व्हायची भीती असते. इन्शुलिन बंद गाडीत उन्हात ठेवू नका. औषधांची यादी मूळ नावांनी लिहा, कारण इथल्या डॉक्टरांना आपल्याकडची ब्रँडची नावं कळत नाहीत. आपली क्रोसिन म्हणजे इथलं टायलेनॉल, पण पॅरासिटामॉलला इथे ॲसिटामिनोफेन म्हणतात. आणि पाहुण्यांचा विमा काढल्याशिवाय शहराची हद्द ओलांडू नका.

खाण्याचं आपल्या बायकांना कुणी शिकवायला नको, आणि आता पुरुषांनाही नसावं. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, भडंग, शंकरपाळे, लाडू हे सगळं टिकतं. दहीभात मात्र बर्फाच्या कूलरमध्येच. बाहेर काढलेला दोन तासांत संपवावा, कडक उन्हाळ्यात तासाभरात, नाहीतर टाकावा. जेवण हलकं ठेवा, दुपारी सारथ्याला पुरणपोळी नको. आणखी एक. कॅलिफोर्नियात शिरताना ट्रकी इथे शेती खात्याचा नाका आहे. फळं विचारतात, रोपं विचारतात. कढीपत्त्याचं लाडकं रोप घेऊन निघाला असाल तर ते इथेच कुणाला तरी देऊन जा. लिंबाच्या बागा मारणारी कीड त्यावर वाढते म्हणून त्याला तिथे बंदी असते. (आमच्याकडे जागा आहे!)

राहता राहिलं डोकं. सहा दिवस चार माणसं एका डब्यात म्हणजे घरातलं सगळं मुरलेलं लोणचं बाहेर येतं. त्यावर आमचे काही नियम आहेत. एक, कामं वाटून घ्यायची. सारथी फक्त रस्ता बघेल, शेजारचा वाटाड्या नकाशा आणि फोन सांभाळेल, मागची कोठी एकाच्या ताब्यात. वाटाड्या म्हणेल ते एक्झिट. चुकलं तर पुढच्यानं वळायचं, आणि "मी म्हटलं होतं" हे वाक्य गाडीत काढायचं नाही. दोन, दुपारी जेवणानंतर एक तास मौन. गाणी नाहीत, प्रश्न नाहीत, उपदेश नाही. तो तास शक्यतो मुक्कामाचा किंवा झाडाखालचा असावा. तीन, रोज एकेकानं एक थांबा निवडायचा आणि बाकीच्यांनी तक्रार करायची नाही. आमच्या मुलानं आयोवातल्या वॉलकॉटचा तो जगातला सर्वांत मोठा म्हणवून घेणारा ट्रक स्टॉप निवडला, आईंनी मिसिसिपीच्या काठी अर्धा तास बसून पाय बुडवले आणि आम्ही बॉनव्हिलच्या मिठावर उभे राहिलो. सगळ्यांच्या लक्षात आज तेच आहे, मैल कुणाच्याच नाहीत. चार, भेंड्या. आजोबांच्या नाट्यगीतांना नातवंडांची हिंदी गाणी चालतील, नियम सैल ठेवा.

आणि वेळेचा मोह टाळा. पश्चिमेला जाताना घड्याळ तीनदा तासानं मागे जातं, नेब्रास्कात नॉर्थ प्लॅटच्या पुढे त्यातलाच एक तास मिळतो. घड्याळात सहा वाजलेले दिसले तरी शरीराचे सात वाजलेले असतात. तो फुकटचा तास झोपेत घाला, मैलांत नको.

शेवटचं. निघताना घरी राहणाऱ्या एका माणसाकडे रोजच्या मुक्कामांची यादी द्या, आणि रोज रात्री मोटेलवर पोचल्यावर त्याला एक फोन करायचा असं ठरवा. पूर्वी एस.टी.त बसवून देताना आई खिडकीशी येऊन सांगायची, "पोचल्याचं पत्र टाक." पत्र आठ दिवसांनी यायचं आणि तोवर तिच्या जिवाला घोर. आता फोन खिशात आहे, एक मिनिट लागतं. तेवढं करा.

ह्या उन्हाळ्यात निघणाऱ्या सगळ्यांना आमच्या शुभेच्छा. सावकाश जा, आणि परत आलात की फोटो घेऊन मंडळाच्या गणपतीला या. वाट बघतो.